ज्याला काही लागत नाही

विठ्ठल विठ्ठल! बसा मंडळी, बसा. पुढे सरका. इथे पुढची सतरंजी मोकळी पडलीय आणि दाराशी ही दाटी! चपलांची काळजी वाटत असेल तर चपला पिशवीत घालून पुढे घेऊन बसा, माझी हरकत नाही. पण डोळे चपलांवर आणि कान माझ्याकडे, असं कीर्तन ऐकू नका!

पूर्वरंग झाला. बुक्का लावून झाला. पेटीवाल्या काकांचा घोटभर चहाही झाला — झाला ना काका? — बरं. आता आख्यान. आख्यान म्हटलं की तुम्ही सरसावून बसता. आता राजा येणार, राक्षस येणार, कुणीतरी कुणाला शाप देणार! आज तसलं काही नाही. आज एक कुंडी आहे. हो, कुंडी! हसताय काय? त्या कुंडीपायी एक बाई चाळीस वर्षांचं घर सोडून निघाली होती, तेव्हा नीट ऐका.

पण आधी प्रश्न. आजचं सगळं आख्यान ह्या एका प्रश्नासाठी आहे. ज्याला काही लागत नाही, त्याचं आपण काही देणं लागतो का?

जो मागतो त्याचं सोपं असतं हो. पोरगं मागतं, पाहुणा मागतो, जावई तर न मागता डोळ्यांनीच मागतो! त्यांना द्यावंच लागतं. पण एखादं माणूस मागतच नाही. विचारलं तर म्हणतं, ‘मला काही लागत नाही.’ मग? सुटलो का आपण? झालं आपलं काम?

आणि बघा, आपल्या मराठीत हा ‘लागणं’ शब्द मोठा लबाड आहे. भूक लागते. ठेच लागते. चहा गोड लागतो. पोरीचं लग्न लागतं. हा तुमचा कोण लागतो, तिथेही लागतो! आणि कुणाचा शब्द लागतो — जिव्हारी लागतो! शब्द एकच, मंडळी. आता कुणी म्हणालं, ‘मला काही लागत नाही,’ तर त्याला काही नको आहे, की त्याला काही बोचतच नाही? तुम्ही कसं ओळखणार? गोष्ट ऐका, मग सांगा मला.

सांगलीला मुकुंद कुंभोजकर म्हणून एक गृहस्थ. पाटबंधारे खात्यात नोकरी. स्वभाव गरीब — म्हणजे घरात आवाज चढला की ह्यांनी पेपर उघडलाच म्हणून समजा! आहेत का असे कुणी इथे? — हात वर करू नका, घरची मंडळी बघताहेत.

त्यांची बायको शैलजा. ही रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला. सकाळी उपाशीपोटी लोक रांगेत येऊन बसायचे, आणि शैलजाच्याच खुर्चीपुढे बसायला बघायचे. का? हात हलका! सुई कधी गेली नि कधी आली, कळायचं नाही. आणि बोलणं? “काका, तिकडे कॅलेंडरकडे बघा. मूठ आवळा. हं, झालं. लागलं का हो?” प्रत्येकाला विचारणार. म्हातारा असो, चार वर्षांचं पोर असो, पैलवान असो. लागलं का हो? अनोळखी माणसाला दिवसभर विचारायची ही बाई — लागलं का?

मुलगी शिकायला पुण्याला. घरात तिसरं माणूस म्हणजे अक्का. अक्का शैलजाच्या कोण लागत होत्या? थोरली जाऊ. मुकुंदाचा मोठा भाऊ मनोहर, त्याची बायको. मनोहर लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी काविळीनं गेला. मूल नाही, बाळ नाही. मुकुंद तेव्हा शाळेत. अक्का त्या घरात राहिल्या त्या राहिल्याच. सासू-सासऱ्यांचं केलं, दिराचं लग्न केलं, दिराच्या मुलीला न्हाऊमाखू घातलं. जुनं घर गेलं, फ्लॅट आला, तर फ्लॅटमध्ये आल्या. आतली खोली त्यांची. त्या खोलीला खिडकी होती, पण ती उघडायची पाइप असतात त्या बोळकांडीत. म्हणजे उघडली काय, न उघडली काय!

“अक्का, तुमच्या खोलीत पंखा बसवूया का?”

“नको गं. मला वारा लागत नाही.”

“अक्का, दिवाळीला साडी कुठली घ्यायची तुम्हाला?”

“आहेत की मागच्या. मला काय लागतंय?”

जेवायला शेवटी. भाजी उरली तर भाजी, नाहीतर ताक-भात. पहिली दोन वर्षं शैलजानं विचारलं हो! ती वाईट नव्हती. तिसऱ्या वर्षापासून कमी विचारलं. पुढे पुढे दुकानात साड्या बघताना स्वतःच म्हणायला लागली, “अक्कांना काही लागत नाही.” सोपं पडतं ना मंडळी! ‘नको’ म्हणणाऱ्या माणसाचा किती आधार असतो आपल्याला!

अक्कांचं एक मात्र होतं. दारातून कुणीही आत आलं की अक्का हातात पाणी घेऊन उभ्या. शैलजा लॅबमधून आली, पर्स अजून खांद्याला आहे, तोवर फुलपात्र पुढे! मुकुंद आला, फुलपात्र. सिलिंडरवाला, कुरियरवाला, मीटर बघायला आलेला माणूस — आधी पाणी, मग काम. आणि टेबलावर नाही ठेवायच्या. हातात द्यायच्या. तो पिऊन होईपर्यंत समोर उभ्या राहायच्या. रिकामं भांडं हातात परत आलं की चेहऱ्यावर असं काही यायचं — काय सांगू! आपल्याला कुणी सोन्याचं भांडं दिलं तरी येणार नाही.

आता कुंडीकडे येतो. विसरलो नाही मी!

फ्लॅटच्या दाराबाहेर पॅसेज, पॅसेजला लोखंडी ग्रिल, आणि ग्रिलपाशी अक्कांची तुळस. सकाळचं ऊन तिथे पडायचं. अक्कांनी पूजा करायची, देव न्हाऊ घालायचे, मऊ फडक्यानं एकेक देव पुसायचा, आणि ताम्हनातलं पाणी तुळशीला घालायचं. तीर्थ ते! पायदळी जाऊ नये, मोरीत जाऊ नये. तुमच्याही घरी असंच असेल.

तर शेजारच्या मोकळ्या जागेवर इमारत उठली. चांगली सात मजली! ऊन गेलं. बघता बघता तुळस काड्या झाली. अक्कांनी दुसरं रोप लावलं, तेही गेलं. तिसरं लावायला घेतलं तेव्हा मुकुंदराव म्हणाले, “वहिनी, राहू दे. इथे आता ऊन नाही. मी सावलीतलं काहीतरी आणतो.” गेले नर्सरीत. तिथल्या मालकानं एक कुंडी पुढे केली. जाड देठ, देठाला दोन्ही बाजूंनी पानं, आणि पानं कशी? आत्ताच तेल लावून बसवल्यासारखी! आणि नाव काय? झेडझेड! अहो, इंग्रजीतलं शेवटचं अक्षर, तेही दोनदा! पंगतीत एखाद्याला शेवटी बसवावं, आणि वर सांगावं, अजून थोडा मागे सरक!

मालक म्हणाला, “साहेब, बिनधास्त न्या. अंधारात ठेवा, कोपऱ्यात ठेवा, पाणी घालायचं विसरा. याला काही लागत नाही.”

ऐकलंत? याला — काही — लागत — नाही! घरी एक माणूस तसलं होतंच, आता झाडही आलं!

शैलजा खूश. तुळशीच्या जागी कुंडी ठेवली. शोभा आली पॅसेजला. शेजारणी विचारायच्या, “काय करतेस गं याला?” ही ऐटीत सांगायची, “काही नाही! महिन्यातून कधीतरी तांब्याभर पाणी.” आणि खरंच तेवढंच करायची.

पण पावसाळा सरला आणि झाडाचं एक पान पिवळं पडलं. मग दुसरं. मग एक अख्खा देठ बुडाशी मऊ होऊन आडवा झाला. शैलजा बुचकळ्यात. “अहो, तुम्ही पाणी घालता का याला?” पेपरामागून आवाज आला, “मी? मी कधी ग्लासभर पाणी हातानं घेतलंय का?” खरंच होतं ते! मग कोण?

तुम्ही ओळखलंत. मागच्या ताई हसताहेत बघा, त्यांनी केव्हाच ओळखलं.

रविवार होता. शैलजा आठवडाभराची दमलेली. कपड्यांचं मशीन लावलं, ते मध्येच बंद पडलं. दूध उतू गेलं. अशा मुहूर्तावर ती पॅसेजमध्ये येते, तर काय बघते! अक्का ताम्हन घेऊन उभ्या, आणि डोळे मिटून, काहीतरी पुटपुटत, ते तीर्थ त्या झेडझेडच्या बुडाशी ओतताहेत! रोज! इतके महिने रोज! त्यांचाही हिशोब सरळ होता बघा. तुळशीच्या जागेवर जे झाड उभं, त्याचा तीर्थावर हक्क. आता देवाचं तीर्थ कितीही पवित्र असलं तरी मातीला काय त्याचं? तिथे साचली ती ओलच! भक्तीनं घातलं म्हणून मूळ कुजायचं थांबत नाही, मंडळी. ह्या गोष्टीत चूक अक्कांचीही होती, मी लपवत नाही.

पण शैलजा काय बोलली, ते ऐका.

“अक्का! शंभरदा सांगितलं की याला काही लागत नाही! तुम्हीच मारलंत ते झाड. तुमच्या हातचं पाणी लागलं त्याला!”

बास. एवढंच. सासरी-माहेरी, घराघरांत याहून कितीतरी जास्त बोलतात लोक. संध्याकाळी विसरतात. शैलजाही विसरली.

अक्का मात्र तशाच उभ्या राहिल्या. ताम्हन हातात. मग “बरं” म्हणाल्या, आणि आत गेल्या.

सोमवारी शैलजा लॅबमधून घरी आली. पर्स ठेवली. घामानं भिजलेली, घसा कोरडा. हात आपोआप पुढे झाला आणि तसाच राहिला. पाणी नाही! अक्का स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, “माठ भरलाय. घे गं तुझं तू.” शैलजाला वाटलं, रुसल्यात. रुसेनात का! एका झाडापायी एवढं? तिनं आपलं आपण पाणी घेतलं. मंगळवारी तेच. सिलिंडरवाला आला, घाम पुसत उभा राहिला, आणि अक्का आतच थांबल्या. आणि बुधवारी जेवताना अक्का म्हणाल्या, “तासगावला माझा भाचा बोलावतोय. रविवारी गाडी घेऊन येतो म्हणाला. जाऊन राहते तिकडे.”

“किती दिवस?” मुकुंदानं विचारलं.

“बघू. राहीनच म्हणते आता. त्यांच्याकडे खालीच अंगण आहे. मला काय, एक पिशवी पुरते.”

आणि मंडळी, त्या ताटावर बसलेल्या दोघांपैकी एकानंही विचारलं नाही — का? अक्कांना काही लागत नाही, हे इतकं पक्कं ठाऊक होतं त्यांना, की अक्कांना काही लागलं असेल हे डोक्यातच आलं नाही! खोटं कशाला बोलू, शैलजाच्या मनात क्षणभर असंही येऊन गेलं, की आतली खोली मोकळी होईल, मुलगी आली की तिला होईल. आलं मनात. माणूसच ती. मन आहे, येतं काहीबाही. तुमच्या मनात नसतं आलं? — बघा, आता कुणी मान हलवत नाही!

रविवार उजाडला. भाचा अकरापर्यंत येणार. अक्का आत पिशवी भरताहेत. शैलजाला घरात बसवेना. काहीतरी करायचं म्हणून ती पॅसेजमध्ये आली. म्हटलं, हे मेलेलं झाड तरी टाकून द्यावं. खाली जुना पेपर पसरला, कुंडी उपडी केली, बुडावर दोन थापट्या मारल्या. मातीचा ढेपा बाहेर आला. ओला गच्च! वास सुटला.

आणि मातीत बघते तर काय? बटाटे! म्हणजे बटाटे नव्हेत हो, पण तसल्याच गाठी. मुळांना लगडलेल्या, गोल, फिक्या. एक दाबली तर पचकन फुटली, कुजलेली. दुसरी तशीच. तिसरी दाबली तर घट्ट! चौथी घट्ट! आणि फोडून बघितली तर आत पाणी. तेव्हा तिला कळलं. ह्या झाडाला पाणी लागत नाही, असं नाहीच मुळी! लागतं. सगळ्यांना लागतं तसंच लागतं. फक्त ते मागत नाही. कधीकाळी मिळालेलं पाणी पोटाशी धरून ठेवतं, आणि त्यावर दिवस काढतं. वरून पानं चमकताहेत, लोक म्हणताहेत ‘वा, काही लागत नाही!’ आणि खाली ते बिचारं साठवणीतलं खात असतं. ते पिवळं पडायला लागलं की समजावं, साठवण संपली किंवा कुजली. तोवर ते एक शब्द बोलणार नाही.

शैलजा मातीनं भरलेले हात घेऊन तशीच बसली. मग आणखी एक गोष्ट तिच्या ध्यानात आली.

शेजारच्या इमारतीचं प्लास्टर चालू होतं. सिमेंटची धूळ अशी उडायची की ग्रिल पांढरं, चपलांचं कपाट पांढरं, दारावरची बेल पांढरी! सकाळी पुसावं, दुपारी परत थर. आणि ह्या झाडाची जी पानं हिरवी राहिली होती, ती? तिनं बोट फिरवलं. धूळ नाही. पान उलटलं, पाठीमागून बोट फिरवलं. तिथेही नाही! एकेक पान पुसलेलं, देठाच्या बेचक्यातसुद्धा. तिथे कण नव्हता. अहो, आधीच उजेड नाही त्या पॅसेजमध्ये! चिमूटभर उजेड यायचा, आणि त्या पानांवर धूळ बसली असती तर तोही मिळाला नसता. झाड केव्हाच गेलं असतं. कुणीतरी रोज त्याचं तोंड पुसत होतं, म्हणून ते इतके महिने तगलं. आणि तिला आठवलं, देव पुसायचं ते मऊ फडकं अलीकडे काळपट दिसायचं. ती त्यावरूनही एकदा बोलली होती!

तेवढ्यात मुकुंदराव दारात आले. हातात पेपर होताच, पण आज मिटलेला. म्हणाले, “शैला, तू त्या दिवशी तसं बोलायला नको होतंस.”

“कसं?”

“हातचं पाणी लागलं, असं.”

“अहो, खरंच लागलं होतं त्या झाडाला! त्यात एवढं काय?”

मुकुंदराव उंबऱ्यावर खाली बसले. म्हणाले, “दादा गेला ना, तेव्हा शेवटचे दोन दिवस त्याला पाण्याशिवाय काही उतरत नव्हतं. वहिनी चमच्यानं पाणी पाजत बसल्या होत्या. तो गेला, आणि आई सगळ्या गावासमोर किंचाळली, हिच्या हातचं पाणी लागलं माझ्या लेकाला! मी तिथेच होतो. वहिनी वीस वर्षांच्यासुद्धा नव्हत्या. त्यानंतर किती वर्षं त्यांनी कुणाच्या हातात पाणी दिलं नाही. भांडं भरायच्या, जमिनीवर ठेवायच्या, बाजूला व्हायच्या. पुढे, आपल्या लग्नाआधी, आई अंथरुणाला खिळली. शेवटी शेवटी तिनंच हात पुढे केला, आणि म्हणाली, तुझ्या हातानं दे गं. तेव्हापासून वहिनी पाणी द्यायला लागल्या.”

शैलजानं हातातली माती पेपरावर टाकली. मग म्हणाली, “आणि हे तुम्ही मला आज सांगताय? त्या दिवशीच का नाही बोललात?”

मुकुंदराव पेपराची घडी चाळवत बसले. शेवटी म्हणाले, “मला वाटलं, वहिनींना काही लागत नाही.”

मंडळी! — थांबा काका, पेटी थांबवा जरा. — लहानपणापासून ज्यानं त्या बाईच्या हातचं खाल्लं, तो माणूस हे बोलतोय! दुष्ट नाही हो. प्रेम आहे त्याचं. पण ‘काही लागत नाही’ हा शब्द एकदा घरात शिरला ना, की प्रेमाच्या माणसालाही आंधळं करतो. सासूनं जे मोडलं, ते सासूनंच मरता मरता जोडून दिलं. इतक्या वर्षांनी त्या हातांना पुन्हा पाणी द्यायचं बळ आलं. आणि धाकट्या जावेनं, दूध उतू गेल्याच्या रागात, नकळत, तोच शब्द, तसाच्या तसा, पुन्हा टाकला!

शैलजा उठली. हात धुतले नाहीत. तशीच आतल्या खोलीत गेली. अक्का पिशवीचे बंद बांधत होत्या. पिशवी एवढीशी. चाळीस वर्षं राहिलेली बाई घर सोडते, आणि पिशवी एवढीशी!

काय बोलणार सांगा? ‘चुकले’ म्हणावं तर अक्का म्हणणार, “चालतंय गं.” ‘जाऊ नका’ म्हणावं तर म्हणणार, “माझं काय, मी कुठेही राहते.” मागत नाही त्या माणसाची माफी मागणंसुद्धा अवघड असतं! त्याला माफीही लागत नाही! शैलजा उभी राहिली. आणि तिच्या तोंडून निघाला तो रोजचाच शब्द. लॅबमधला. सुई काढून घेतल्यावरचा.

“अक्का, लागलं का हो?”

अक्कांनी सवयीनं तोंड उघडलं. “छे गं, मला काही ला—”

आणि पुढचं येईना. पिशवीचा बंद हातातून सुटला. किती वर्षं झाली असतील, कुणी विचारलं नव्हतं! त्या खाटेच्या कडेला बसल्या आणि म्हणाल्या, “लागलं गं शैला. फार लागलं.”

मग दोघी रडल्या. ते मी गाऊन दाखवणार नाही. काही रडणं आतल्या खोलीतच राहू द्यावं.

बऱ्याच वेळानं शैलजा म्हणाली, “अक्का, घसा सुकलाय माझा. पाणी द्या.”

“माठ—”

“माठ मला माहीत आहे. तुमच्या हातानं द्या.”

अक्का उठल्या. माठाशी गेल्या. फुलपात्र भरलं. भरलं, आणि घेऊन उभ्या राहिल्या. पाणी हिंदकळून जमिनीवर सांडलं. शैलजानं आपले दोन्ही हात पुढे केले. मातीनं बरबटलेले! आणि अक्कांचे हात त्या भांड्यासकट धरून तिथेच, उभ्या उभ्या, सगळं पाणी प्यायली. शेवटच्या थेंबापर्यंत. आणि रिकामं भांडं त्यांच्या हातात दिलं.

अकराला भाचा आला. त्याला पाणी मिळालं, पोहे मिळाले, अक्का काही मिळाल्या नाहीत! गेला बिचारा रिकामी गाडी घेऊन.

आणि गंमत पुढेच आहे. दुपारी चहा झाला. अक्कांनी एक घोट घेतला, कप खाली ठेवला, आणि म्हणाल्या, “शैला, एक सांगू? मुकुंदाची शुगर निघाल्यापासून घरात सगळ्यांचाच चहा बिनसाखरेचा झालाय. मला चहा गोड लागतो गं.” मुकुंदरावांच्या हातातला पेपर पडला! “आणि त्या खोलीत उकडतं. पंखा लागतो मला.” शैलजा हसायला लागली, रडता रडता हसायला लागली. म्हणाली, “अजून?” अक्का म्हणाल्या, “अजून आठवलं की सांगते!”

घट्ट निघालेल्या गाठी दोघींनी मिळून कोरड्या मातीत लावल्या. वाळू घातली, पाणी तुंबू नये म्हणून. आता अक्का रोज सकाळी पानं पुसतात, आणि मग मातीत बोट घालतात, चांगलं दोन पेरं. आत ओल लागली तर म्हणतात, “आज नको म्हणतंय.” कोरडं लागलं तर तेवढं पाणी. आणि तीर्थ? गच्चीवर ऊन आहे. तिथे नवी तुळस लावली. रोज जिना चढून जातात. गुडघे दुखतात, आणि खाली येऊन तसं सांगतातही — “गुडघा दुखतोय गं!”

आता माझा प्रश्न. ज्याला काही लागत नाही, त्याचं आपण काही देणं लागतो का?

लागतो, मंडळी. काय देणं लागतो? शैलजानं काहीच दिलं नाही, ते चुकलं. अक्कांनी न बघता रोज ओतलं, तेही चुकलं. देणं आहे ते बोट घालून बघायचं! रोज. थोडं खोल. वरची माती कोरडी दिसते, आतली तशी असेलच असं नाही. वरचं पान चमकतं, म्हणून बूड घट्ट असेल असंही नाही. आणि जवळ जाऊन तोंडावरची धूळ पुसायची. त्याला पैसा लागत नाही, पांडित्य लागत नाही. बघावं लागतं. तेवढं एकच आपल्याला जड जातं.

मान डोलावताय? डोलवा. पण तुम्हाला वाटतंय, ही सांगलीची गोष्ट. सांगलीच्या बाईची चूक. बरं झालं, आपण नाही तिथले!

मग मला सांगा. गेला तासभर ह्या मांडवात तुपात रवा भाजल्याचा वास येतोय. आत शेगडीपाशी एकजण उभ्या आहेत. मी आलो तेव्हा मघाशी आत डोकावलो. त्यांना म्हटलं, बाई, चला बाहेर, कीर्तनाला बसा. त्या काय म्हणाल्या ठाऊक आहे? “मला बसायला लागत नाही महाराज. मला इथूनच ऐकू येतं.” त्या कोण, सांगा! — काय म्हणालात? ‘प्रसादाच्या मावशी’? ते काम झालं. नाव सांगा! — अध्यक्ष, तुम्ही? — सेक्रेटरी? — पुढच्या ओळीतल्या ताई, तुम्ही तर रोजच्या इथल्या! — किती वर्षं खाताय त्यांच्या हातचा शिरा? — नाही? कुणालाच नाही?

मग आरती थांबेल. ताटं भरली असतील तर भरलेली राहू द्या. देव काही गडबडीत नाही. तुम्ही दोघी उठा, आत जा, गॅस बंद करा, आणि त्यांना हाताला धरून घेऊन या. ‘नको’ म्हणतील. ऐकू नका! —

या बाई, या. इकडे, पुढे. अहो सरका, जागा करा त्यांना! पदराला हात पुसत बसू नका, असू द्या हाताला तूप. बसा अशा टेकून. कुणीतरी पाणी आणा आधी. — हं. घ्या. सावकाश प्या. सगळे थांबलेत तुमच्यासाठी.

आता सांगा बाई, आम्हाला सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगा. तुमचं नाव काय?